समुद्राच्या पाण्यातील वायू काढण्यासाठी व्हॅक्यूम पंप किती मोठा घ्यावा: गोव्याच्या किनाऱ्यावरचा हिशेब

समुद्राच्या पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन काढण्याची गरज अनेक ठिकाणी पडते. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रात समुद्राचे पाणी भूगर्भात दाबण्यापूर्वी तो काढावा लागतो, नाहीतर पाइपलाइन आतून गंजते. कमी दाबावर पाणी उकळवून गोडे पाणी मिळवणाऱ्या संयंत्रात हेच वायू कंडेन्सरमध्ये (वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या भागात) साठून राहतात आणि वाफ थंड होऊ देत नाहीत. राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचे असे संयंत्र उभारले, आणि तिथेही वायू सतत बाहेर ओढणारी व्यवस्था संयंत्राचा अविभाज्य भाग आहे. गोव्यात प्रयोगशाळेसाठी किंवा एखाद्या कारखान्यासाठी लहान प्रमाणावर वायू काढणारा टॉवर (उंच बंद टाकी, जिच्यात पाणी वरून खाली पडते आणि पंप कमी दाब राखून वायू ओढून घेतो) बांधायचा झाल्यास वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत टाकी आणि पाइपचे काम उत्तम होते. अडचण येते ती पंप निवडताना. नवीन अभियंता बहुधा पाण्याचा प्रवाह पाहतो, कॅटलॉग उघडतो आणि ‘५० मिलिबार’ या ओळीसमोरचा आकडा उचलतो. तो आकडा आपल्या किनाऱ्यावर का चालत नाही आणि योग्य आकडा कसा काढावा, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

उदाहरणासाठी एकच टॉवर धरू: ताशी १०० घनमीटर समुद्राचे पाणी, तापमान ३० अंश सेल्सिअस, टॉवरमधील निरपेक्ष दाब (पूर्ण निर्वातापासून मोजलेला) ५० मिलिबार.

पाण्यात वायू किती आहे

हवेशी समतोल साधलेल्या, ३५ क्षारतेच्या (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार) आणि ३० अंश तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ६.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन, सुमारे १०.४ मिलिग्रॅम नायट्रोजन आणि जेमतेम ०.४ मिलिग्रॅम आर्गॉन असतो. काढायचा आहे ऑक्सिजन, पण पंपाला ओढावे लागतात तिन्ही वायू, आणि त्यांत नायट्रोजनचा वाटा सर्वांत मोठा असतो. केवळ ऑक्सिजनचा हिशेब करून पंप घेणाऱ्याचा पंप सुरुवातीलाच एक तृतीयांश आकाराचा होतो. मिलिग्रॅमचे मोल केले की पुढचे काम सोपे होते: वरील तिन्ही मिळून प्रतिलिटर सुमारे ०.५७५ मिलिमोल, म्हणजे आपल्या टॉवरसाठी ताशी ५७.५ मोल. वजनात हे दोन किलोही भरत नाही. एवढ्याशा वायूसाठी मोठा पंप कशाला, असा प्रश्न इथे पडतो. त्याचे उत्तर पुढच्या भागात आहे.

त्याआधी कार्बन डायऑक्साइडविषयी सांगणे आवश्यक आहे. समुद्राच्या पाण्यात एकूण अकार्बनी कार्बन प्रतिलिटर सुमारे २ मिलिमोल असला, तरी त्यातील बहुतेक बायकार्बोनेटच्या रूपात बांधलेला असतो. मोकळा वायू अगदी थोडा असतो आणि आपल्या हिशेबात तो सोडून देता येतो. मात्र क्षारांचे थर टाळण्यासाठी टॉवरच्या आधी पाण्यात आम्ल सोडले जाणार असेल, तर तो सगळा बांधलेला कार्बन मोकळा होतो आणि पंपावरचा भार ताशी ५७.५ मोलवरून २५० मोलच्या पुढे जातो. अशा वेळी पंप मोठा करण्यापेक्षा आम्लयुक्त पाणी आधी साध्या हवेच्या टॉवरमधून सोडून कार्बन डायऑक्साइड घालवावा, आणि मगच ते निर्वातात न्यावे.

पाणी कुठून उचलता यावरही आकडे बदलतात. झुवारी किंवा मांडवीच्या मुखाजवळून पाणी घेत असाल तर पावसाळ्यात नदीच्या पाण्याने क्षारता खूप उतरते, आणि गोड्या पाण्यात वायू जास्त विरघळतात. २७ अंशांच्या गोड्या पाण्यात ऑक्सिजन प्रतिलिटर ८ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे वायूंचा भार साधारण चौथ्या हिश्श्याने वाढू शकतो. उलट कांदोळीसमोरच्या उथळ समुद्रात पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर काही आठवडे तळाचे पाणी थंड आणि ऑक्सिजन जवळजवळ संपलेले असते, आणि काही वेळा त्यात हायड्रोजन सल्फाइडही आढळतो. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ही स्थिती वर्षानुवर्षे मोजली आहे. तळातून पाणी घेणाऱ्याने ‘ऑक्सिजन आधीच कमी आहे, म्हणजे पंप लहान चालेल’ असे समजू नये, कारण नायट्रोजन तिथे तेवढाच असतो. शिवाय पंपाचा निकास कुठे सोडावा हा प्रश्न तिथे जीवघेणा ठरू शकतो. तो निकास बंद खोलीत कधीही सोडू नये.

बाष्पदाब: सगळा हिशेब जिथे फिरतो

टॉवरमध्ये ५० मिलिबार दाब आहे याचा अर्थ वायूंना ५० मिलिबार मिळतात असा नाही. पाणी ३० अंशांवर स्वतःची वाफ सोडते आणि त्या वाफेचा दाब सुमारे ४१.६ मिलिबार असतो. मीठ असल्यामुळे तो गोड्या पाण्यापेक्षा दोनेक टक्क्यांनी कमी आहे, एवढेच. म्हणजे वायूंसाठी उरतात ८.४ मिलिबार. पंप जो दर घनमीटर ओढतो त्यातील सुमारे पाच षष्ठांश भाग वाफेचा असतो. एक मोल वायू बाहेर काढायचा तर त्याच्यासोबत सुमारे पाच मोल वाफ बाहेर काढावीच लागते.

यावरून एक सोपे सूत्र मिळते. आदर्श वायूच्या नियमाप्रमाणे ३० अंशांवर एक मोल वायू एका मिलिबार दाबाला सुमारे २५.२ घनमीटर जागा घेतो. म्हणून पंपाला ताशी किती घनमीटर ओढावे लागेल हे काढण्यासाठी वायूचे ताशी मोल २५.२ ने गुणावेत आणि टॉवरचा दाब वजा बाष्पदाब या फरकाने भागावे. आपल्या टॉवरसाठी ५७.५ गुणिले २५.२ भागिले ८.४, म्हणजे ताशी सुमारे १७२ घनमीटर. वाफ वेगळी मोजावी लागत नाही, कारण भाजकातील वजाबाकीत ती आलेली आहे.

आता हाच दाब थोडा बदलून पाहावा. टॉवर ६० मिलिबारवर चालवला तर ताशी ७९ घनमीटर पुरतात, आणि ४५ मिलिबारवर न्यायचा तर ४२६ लागतात. वरवर पाहता दाबात पाच मिलिबारचा फरक आहे, पण पंप अडीचपट झाला. म्हणून ‘जरा चांगला व्हॅक्यूम असू द्या’ अशी सूचना बैठकीत कुणी केली, तर तिची किंमत तिथल्या तिथे काढून दाखवावी.

तापमानाचाही परिणाम असाच होतो, आणि गोव्यात तो अधिक जाणवतो. मे महिन्यात उन्हात पडलेल्या लांब पाइपमधून पाणी आले आणि ते ३२ अंशांवर पोहोचले, तर बाष्पदाब ४६.६ मिलिबार होतो आणि फरक ८.४ वरून ३.४ वर येतो. दोन अंशांनी पंपाचे काम जवळजवळ अडीचपट वाढते. जानेवारीत २७ अंशांचे पाणी असताना हाच फरक १५ मिलिबारचा असतो आणि तोच पंप आरामात चालतो. त्यामुळे हिवाळ्यात चाचणी देऊन मंजूर झालेला टॉवर उन्हाळ्यात तक्रारी सुरू करतो, आणि सगळे पंपाच्या मागे लागतात. आराखड्यासाठी वर्षातील सर्वांत गरम पाण्याचा दिवस धरावा. तो आकडा पुस्तकातून न घेता, पाणी टॉवरमध्ये शिरते त्या तोंडाशी थर्मामीटर लावून घ्यावा. वाफ उडाल्याने पाणी आपोआप थंड होईल अशी आशाही ठेवू नये, कारण एवढ्या प्रवाहात तो फरक अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असतो.

किती ऑक्सिजन उरेल

पंपाचा आकार ठरवण्यापूर्वी ५० मिलिबार पुरेसे आहेत का, हे तपासावे. बाहेर पडणाऱ्या कोरड्या वायूत ऑक्सिजनचा हिस्सा सुमारे एक तृतीयांश असतो, म्हणजे ८.४ मिलिबारपैकी २.८ मिलिबार. बाहेरच्या ओलसर हवेत ऑक्सिजनचा दाब सुमारे २०३ मिलिबार असतो आणि त्याला पाण्यात ६.२ मिलिग्रॅम विरघळतो. त्याच प्रमाणात २.८ मिलिबारला सुमारे ०.०९ मिलिग्रॅम प्रतिलिटर उरतो. टॉवर नीट मिसळलेल्या एका टप्प्याप्रमाणे वागला तर यापेक्षा खाली जाता येत नाही. पॅकिंग (पाणी पातळ पसरावे म्हणून टॉवरमध्ये भरलेले तुकडे) चांगले असेल आणि वायू खालून वर, पाणी वरून खाली असे वाहत असेल तर आकडा सुधारतो. पाणी पॅकिंगवर समान पसरत नसेल तर बराच बिघडतो. पॅकिंगची उंची पुरवठादाराच्या अनुभवावर सोडावी, पण पाणी पसरवणारी थाळी मात्र स्वतः उघडून पाहावी, कारण तिच्या छिद्रांत अडकलेले शिंपले आणि शेवाळ कुठल्याही आकडेमोडीत येत नाही.

तेलक्षेत्रासाठी लागणारी पातळी याहून कमी असते. ती एका टप्प्यात गाठण्याचा हट्ट धरला तर पंप अवाढव्य होतो. दुसरा टप्पा जोडणे फायद्याचे ठरते, कारण पहिल्या टप्प्यातून बाहेर पडलेल्या पाण्यात वायू जवळजवळ उरलेलाच नसतो. आपल्या उदाहरणात तो ताशी अर्ध्या मोलच्या आसपास भरतो, आणि फरक केवळ २ मिलिबार ठेवला तरी त्यासाठी ताशी सात घनमीटरच पुरतात. राहिलेला शेवटचा अंश सोडियम सल्फाइट किंवा बायसल्फाइटने काढावा. सल्फाइटचा डोस थोडा वाढवणे हे निर्वात आणखी पाच मिलिबार खाली नेण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते.

गळती

दुसऱ्या टप्प्याचा सात घनमीटरचा आकडा कागदावरच खरा आहे, कारण तिथे पंपाचा खरा भार पाण्यातील वायूचा नसून फ्लँज (पाइपचे बोल्टने जोडलेले सांधे), काचेची खिडकी, व्हॉल्व्हची ग्लँड (दांड्याभोवतीचे सील) आणि वेल्डिंगमधून आत शिरणाऱ्या हवेचा असतो. पहिल्या टप्प्यातही ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. ताशी एक किलो हवा शिरते असे धरले तर ते ३४.५ मोल होतात. पाण्यातील ५७.५ मोलमध्ये ते मिळवून ९२ मोल झाले आणि पंप १७२ वरून २७६ घनमीटरवर गेला. नवीन अभियंते शेवटी ‘सुरक्षेसाठी वीस टक्के’ मिळवतात. माझ्या मते ते वीस टक्के कशासाठी आहेत हे कुणालाच सांगता येत नसेल, तर ते मिळवू नयेत. जादा जागा गळतीत आणि पाण्याच्या तापमानात ठेवावी, कारण वर्षभराने बदलणार आहेत ते हेच दोन आकडे. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत फ्लँजचे बोल्ट गंजतात, गॅस्केट ढिले पडते आणि पहिल्या वर्षी ताशी अर्धा किलो असलेली गळती पुढे सहज दुप्पट होते.

गळती मोजण्याची पद्धत अशी आहे. टॉवर रिकामा आणि पूर्ण कोरडा करावा, कारण तळाशी साचलेले थोडे पाणीही वाफ होऊन आकडा फसवते. पंपाने दाब शंभर मिलिबारच्या खाली आणावा, व्हॉल्व्ह बंद करावा आणि घड्याळ लावून दाब किती वाढतो ते पाहावे. आतला दाब वातावरणाच्या निम्म्यापेक्षा कमी असेपर्यंत हवा ठराविक वेगानेच आत येते, म्हणून रेषा सरळ मिळते. ती सरळ न येता वाकत गेली तर आत ओल आहे असे समजावे. बारा घनमीटरच्या टॉवरमध्ये दहा मिनिटांत दहा मिलिबार वाढले, म्हणजे तासाला साठ, तर बारा गुणिले साठ भागिले २५.२ म्हणजे ताशी सुमारे २९ मोल, वजनात ०.८ किलो हवा. जागा शोधण्यासाठी साबणाचे पाणी इथे उपयोगी नाही, कारण बुडबुडा बाहेर न येता आत ओढला जातो. त्याऐवजी दाढीचा घट्ट फेस फ्लँजच्या सांध्यावर सर्वत्र लावावा आणि थोडे थांबावे. जिथे हवा शिरते तिथे फेसात खळगा पडतो आणि मग छोटे भोक दिसते. काचेच्या खिडकीच्या गॅस्केटपासून सुरुवात केलेली बरी, कारण दोषी बहुधा तिथेच सापडतो.

कॅटलॉगमधील रेषा आणि आपले सील वॉटर

आता पंप. समुद्राच्या पाण्यासाठी लिक्विड रिंग पंप सर्वांत सोयीचा, कारण वाफ, थेंब आणि क्वचित आलेला फेसही तो सहन करतो. पण त्याच्या आत फिरणारे पाण्याचे कडे हेच त्याचे पिस्टन असते, आणि त्या पाण्यालाही स्वतःचा बाष्पदाब आहे. कॅटलॉगमधील रेषा १५ अंशांचे सील वॉटर (हे कडे बनवणारे पाणी) आणि २० अंशांची कोरडी हवा धरून काढलेल्या असतात. १५ अंशांवर पाण्याचा बाष्पदाब १७ मिलिबार असतो, ३० अंशांवर ४२.४. सील वॉटर पंपात आणखी तीनचार अंशांनी तापते ते वेगळेच. ढोबळ मानाने, कोरड्या हवेसाठी ५० मिलिबारवर कॅटलॉगची क्षमता ३३ (५० वजा १७) ला ७.६ (५० वजा ४२.४) या प्रमाणात घसरते, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून कमी उरते. वाफयुक्त वायू ओढताना काही वाफ कड्यात विरते आणि थोडा दिलासा मिळतो, पण तोही सील वॉटर थंड असेल तरच. ३० अंशांच्या पाण्यावर ५० मिलिबारला एकट्या लिक्विड रिंग पंपाचा भरवसा धरू नये. तो खडखडाट करू लागतो, आणि त्या आवाजात त्याच्या आतील पाती झिजत असतात.

मार्ग तीन आहेत. सील वॉटर चिलरने थंड करावे. लहान टॉवरसाठी हे सोपे आहे, पण विजेचे बिल कायमचे. दुसरा, पंपाच्या आधी हवेवर चालणारा इजेक्टर बसवावा, जो वातावरणातील हवा आत घेऊन तिच्या वेगाने टॉवरमधील वायू ओढतो. त्याला हलणारे भाग नाहीत, पण त्याने घेतलेली हवाही मागच्या पंपालाच ओढावी लागते, त्यामुळे तो पंप मोठा घ्यावा लागतो.

तिसरा मार्ग मला आपल्या परिस्थितीत सर्वांत पटतो: आधी यांत्रिक बूस्टर (वायू थोडा दाबून पुढे ढकलणारा पंप), मग कंडेन्सर आणि शेवटी लिक्विड रिंग पंप. टॉवरला थेट कंडेन्सर जोडून उपयोग नाही, कारण थंड करणारे पाणी आणि टॉवरमधील पाणी एकाच समुद्रातून, एकाच तापमानाचे येते. मात्र बूस्टरने वायूमिश्रण ५० वरून १५० मिलिबारवर दाबले की तेच कोमट पाणी पुरेसे थंड ठरते. कंडेन्सरमधून मिश्रण ३५ अंशांवर बाहेर पडले तर तिथे वाफेचा दाब ५६ मिलिबार आणि वायूंसाठी ९४ मिलिबार उरतात. आधी प्रत्येक मोल वायूमागे पाच मोल वाफ होती, आता अर्ध्या मोलच्या थोडी वर राहिली. बूस्टरला ताशी २७६ घनमीटर ओढावे लागले, पण मागच्या पंपाला जेमतेम २५ पुरतात, आणि १५० मिलिबारवर त्याला सील वॉटरच्या कोमटपणाचा त्रासही होत नाही. बूस्टर खाऱ्या थेंबांना नाजूक असतो, म्हणून त्याच्या आधी थेंब पकडणारी जाळी अनिवार्य समजावी. मोसमानंतर पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढलेल्या असताना फेस फार येतो. त्यासाठी फेसरोधक द्रव्याची बाटली आणि डोसिंग पंप सुरुवातीपासून आराखड्यात असावा.

पाइप, उंची आणि गेज

टॉवरपासून पंपापर्यंतचा पाइप लहान घेतला तर मिळवलेला निर्वात वाटेतच खर्च होतो. २० मीटर लांबीच्या, १०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये आपला प्रवाह ०.२ मिलिबार खातो. ५० मिलिमीटरच्या पाइपमध्ये साधारण ५ मिलिबार. पंपाच्या तोंडाशी ५० मिलिबार मोजून समाधान मानणाऱ्याच्या टॉवरमध्ये प्रत्यक्षात ५५ असतात आणि उरलेला ऑक्सिजन दीडपटीहून वाढलेला असतो.

पाणी टॉवरमधून बाहेर काढणे हेही निर्वाताचेच काम समजावे. ५० मिलिबारच्या टॉवरमधून पाणी आपोआप खाली येऊन उघड्या टाकीत पडायचे तर ९.६ मीटरचा स्तंभ लागतो, आणि घर्षण धरून टॉवरचा तळ साडेदहा-अकरा मीटरवर ठेवावा. एवढी उंची नको असेल तर खाली पंप बसवावा लागतो, पण टॉवरमधील पाणी जवळजवळ उकळत्या अवस्थेत असल्याने त्या पंपाला मिळणारा जोर केवळ उंचीतून येतो. पंपाला तीन मीटरचा जोर लागत असेल तर पाण्याची पातळी त्याच्या तीन मीटरहून वर हवीच. या पंपाची ग्लँडही हवा आत ओढू शकते, म्हणून तिला पाण्याचा सील द्यावा.

गेजविषयी मात्र तडजोड करू नये. वातावरणाशी तुलना करणारे साधे डायल गेज इथे निरुपयोगी आहे. गोव्यात जानेवारी आणि जून-जुलै यांच्या वातावरणीय दाबात सहासात मिलिबारचा फरक पडतो, आणि आपला सगळा हिशेब ८.४ मिलिबारवर उभा आहे. निरपेक्ष दाब दाखवणारे गेज घ्यावे, ते टॉवरच्या माथ्याशी बसवावे आणि त्याच्या नळीत पाणी साचू नये म्हणून नळी वरच्या दिशेने न्यावी. ऑक्सिजन मोजण्याचा नमुना पाणी बाहेर काढणाऱ्या पंपानंतर, दाबाखालील पाइपमधून घ्यावा. निर्वातातील तोटी उघडली की पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते.

धातूबाबत थोडक्यात: कोमट, क्लोरीन सोडलेल्या समुद्राच्या पाण्यात ३१६ स्टेनलेस स्टीलला खड्डे पडतात. टॉवरसाठी फायबर किंवा आतून रबर लावलेले पोलाद घ्यावे. क्लोरीनचा डोस टॉवरच्या आधी असेल तर त्याचा काही अंश वायूसोबत पंपात जातो, हे पंपवाल्याला लेखी कळवावे.

पुरवठादाराला चौकशीपत्र पाठवताना ‘५० मिलिबारसाठी पंप’ असे न लिहिता पुढील गोष्टी लिहाव्यात: पाण्याचा कमाल प्रवाह, टॉवरच्या तोंडाशी मोजलेले कमाल तापमान, कोरड्या वायूचे ताशी मोल किंवा किलो, गळतीसाठी धरलेली हवा वेगळ्या ओळीत, त्या तापमानाची संतृप्त वाफ, पंपाच्या तोंडाशी हवा असलेला निरपेक्ष दाब, आणि सील वॉटरचे उन्हाळ्यातील तापमान. क्षमतेची हमी याच सील वॉटर तापमानावर द्यावी आणि स्वीकृतीची चाचणी एप्रिल-मे महिन्यात घ्यावी, अशी अट खरेदीपत्रातच घालावी.